जखमी आघाडीवीराचं काय करायचं?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

फुटबॉलच्या संघात अकरा जण खेळत असले तरी प्रेक्षकांच्या तोंडी नाव असतं ते गोल करणाऱ्याचं. क्लबही सर्वांत जास्त पैसा त्याच्यावर लावतो. आणि प्रतिस्पर्धी बचावपटूंच्या लाथा, धक्के, घसरून केलेले अडथळे यांचा सर्वांत जास्त प्रसादही त्यालाच मिळतो. धावता धावता एकदम थांबायचं, अंगाला झोका देऊन दिशा बदलायची, उडी मारून एका पायावर उतरायचं, ही त्याची रोजची कामं. गुडघा, घोटा आणि मांडीमागचा स्नायू म्हणजे हॅमस्ट्रिंग यांना हे सगळं सोसावं लागतं. म्हणूनच जगभरच्या क्लबांपुढे एक प्रश्न शंभर वर्षांहून अधिक काळ पुन्हा पुन्हा येत राहिला आहे. आपला आघाडीवीर एकदा जखमी झाला, बरा झाला, पुन्हा जखमी झाला, पुन्हा बरा झाला आणि तिसऱ्यांदा बसला. आता त्याचं करायचं काय?

हा प्रश्न केवळ कोट्यवधींच्या उलाढाली करणाऱ्या क्लबांचा नाही. उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनमधल्या एखाद्या छोट्या संघालाही तो पडतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या लष्करी छावणीच्या बराकींमधून, फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या कष्टांतून हे गाव उभं राहिलं. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्याला उल्हासनगर हे नाव मिळालं. इथला, अंबरनाथ-बदलापूरचा मुलगा मुंबईत खेळायचं म्हणतो तेव्हा बुटांची पिशवी खांद्याला लावून गर्दीची लोकल पकडतो आणि साठेक किलोमीटरचा प्रवास करून कूपरेजच्या मैदानावर पोहोचतो. त्याचा गुडघा दुखावला तर घरचे आधी हाडवैद्याकडे नेतात, मग कॅम्प तीनच्या मध्यवर्ती रुग्णालयात. संघ त्याच्यासाठी काय करतो, हे बहुधा संघाचे सचिव आणि दोनचार मित्र चहाच्या टपरीवर ठरवतात. मोठे क्लब हेच वातानुकूलित खोलीत बसून ठरवतात. त्यांच्यापुढचे मार्ग मात्र फारसे वेगळे नसतात. हे मार्ग एकेक करून कसे तयार झाले, ते आज पाहू.

पहिला मार्ग सर्वांत जुना आणि सर्वांत निर्दय : खेळत राहा. आजच्या प्रेक्षकाला नवल वाटेल, पण इंग्लंडच्या लीगमध्ये बदली खेळाडू उतरवण्याची मुभा १९६५ सालच्या मोसमापासून मिळाली. तीही सुरुवातीला फक्त दुखापतीसाठी. विश्वचषक स्पर्धेत बदली खेळाडू दिसले ते १९७० साली मेक्सिकोत. त्याआधी खेळाडू जखमी झाला तर संघापुढे दोनच पर्याय असत. एक तर दहा जणांनी खेळायचं, नाहीतर जखमी गड्याला बाजूच्या रेषेजवळ उभं करायचं. तो तिथे लंगडत राही. निदान प्रतिस्पर्ध्याचा एक बचावपटू त्याच्याजवळ अडकून पडेल, एवढीच अपेक्षा. उपचार म्हणजे गार पाण्याची बादली आणि स्पंज. पुढे कॉर्टिसोन आलं. या औषधाच्या संशोधनाला १९५० साली नोबेल पारितोषिक मिळालं आणि काही वर्षांतच ते खेळाडूंच्या सांध्यांपर्यंत पोहोचलं. इंजेक्शन घेतलं की सूज आणि वेदना कमी होई, खेळाडू शनिवारच्या सामन्याला उभा राही. दुखणं मात्र जागच्या जागी असे, फक्त ते कळत नसे. अनेकांचे गुडघे चाळिशीच्या आतच म्हातारे झाले, त्यामागे हे एक मोठं कारण होतं.

दुसरा मार्ग आपल्या मुंबईने चांगला ओळखला होता. तो म्हणजे नोकरीचा. मुंबईचा फुटबॉल दीर्घकाळ कंपन्यांच्या आणि सरकारी खात्यांच्या संघांवर उभा होता. टाटा, कॅल्टेक्स, मफतलाल, ऑर्के मिल्स, महिंद्र, एअर इंडिया, रेल्वे, बँका ही नावं जुन्या प्रेक्षकांना आठवत असतील. १८९१ साली सुरू झालेल्या रोव्हर्स चषकासाठी कूपरेज भरून जात असे. १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करून भारताला उपांत्य फेरीत नेणारे नेव्हिल डिसूझा हे आघाडीवीर टाटांच्या संघातले. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारे ते पहिले आशियाई फुटबॉलपटू.

या व्यवस्थेत खेळाडू कंपनीच्या हजेरीपटावर असे. सकाळी सराव, मग कचेरी, असा त्याचा दिवस जाई. पगार काही डोळे दिपवणारा नव्हता. पण गुडघा गेला म्हणून चूल विझत नसे. क्लबला, म्हणजे कंपनीला, त्याच्याबाबत फार डोकं खाजवावं लागत नसे. तो मैदानावरून टेबलाकडे वळे. जमलंच तर पुढे कंपनीच्या संघाचा प्रशिक्षक किंवा व्यवस्थापक होई. रोजगार आणि खेळ एकाच छपराखाली होते, म्हणून दुखापतीचा भार एकट्या खेळाडूवर पडत नसे. आपल्याकडच्या कामगारवस्तीला हे लगेच समजेल. कारखान्यात बोट कापलं गेलं तर भरपाई द्यायचा कायदा १९२३ सालचा आणि कामगार राज्य विम्याचा १९४८ सालचा. उल्हासनगरात त्या योजनेचं रुग्णालयही आहे. यंत्रावर काम करणाऱ्या माणसाचं शरीर हे त्याचं भांडवल आहे, हे कायद्याने फार पूर्वी मान्य केलं होतं. खेळाडूच्या शरीराबद्दल तोच विचार व्हायला बराच उशीर लागला.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नोकरी सुरक्षित असल्यामुळे खेळाकडे पूर्ण वेळ व्यवसाय म्हणून पाहिलं जात नव्हतं. दुखापतीनंतर खेळाडूला शास्त्रशुद्ध पद्धतीने पुन्हा उभं करायचं, त्यासाठी खास माणूस नेमायचा, हा विचार कमी. टेबल तयार होतं ना, मग गुडघ्यावर एवढा खर्च कशाला?

डिसेंबर १९९६मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली, २००७ साली तिची आय-लीग झाली आणि २०१४ साली इंडियन सुपर लीग आली. कायम नोकरीची जागा मुदतीच्या कराराने घेतली. महिंद्रचा संघ १९६२ सालचा. 'महिंद्र युनायटेड' या नावाने त्याने २००५-०६ची राष्ट्रीय लीग डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली जिंकली आणि २०१० साली तो बंद झाला. एअर इंडियाचा संघ नव्या परवान्याच्या अटींत बसला नाही आणि २०१३मध्ये आय-लीगबाहेर गेला. पैसा वाढला, मैदानं चांगली झाली, फिजिओथेरपिस्ट आले. पण जखमी खेळाडूमागचं ते टेबल नाहीसं झालं.

तिसरा मार्ग म्हणजे वाट पाहणं. यातला धडा युरोपकडून घ्यावा. इटलीच्या इंटर मिलानकडे ब्राझीलचा रोनाल्डो होता, त्या काळातला जगातला सर्वोत्तम आघाडीवीर. नोव्हेंबर १९९९मध्ये त्याच्या गुडघ्याच्या वाटीजवळची शीर फाटली. शस्त्रक्रिया झाली. एप्रिल २०००मध्ये लाझिओविरुद्धच्या अंतिम सामन्यात तो उतरला आणि सहा-सात मिनिटांतच, कोणाचाही धक्का न लागता कोसळला. तीच शीर पुन्हा गेली होती, या वेळी पूर्ण. पुढचा सबंध मोसम तो मैदानाबाहेर होता. इंटरने वाट पाहिली. २००२च्या विश्वचषकात त्याने आठ गोल केले, त्यांपैकी दोन अंतिम सामन्यात. आणि त्याच उन्हाळ्यात तो स्पेनच्या रेआल माद्रिदला गेला! इंटरला मोठी रक्कम मिळाली हे खरं, पण ज्या गोलांसाठी थांबलो ते गोल दुसऱ्याच्या अंगणात पडले.

त्याच शहरातल्या ए. सी. मिलानची कहाणी उलटी. हॉलंडचा मार्को व्हॅन बास्टेन घोट्याच्या दुखण्याने बेजार होता. मे १९९३मध्ये मार्सेविरुद्धचा युरोपियन अंतिम सामना तो खेळला, तो त्याचा शेवटचा सामना ठरला. क्लब दोन वर्षं थांबला. ऑगस्ट १९९५मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली तेव्हा तो तीस वर्षांचा होता. पण मिलानने शहाणपण असं केलं, की थांबतानाच दुसरी सोयही पाहिली. त्याच उन्हाळ्यात लायबेरियाचा जॉर्ज विया क्लबमध्ये आला आणि त्या वर्षीचा युरोपातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. जखमी खेळाडूची वाट पाहणं आणि त्याची जागा रिकामी ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कित्येक क्लब एकीच्या नावाखाली दुसरी करून बसतात.

वैद्यकशास्त्राने या वाट पाहण्याला आता थोडी शिस्त आणली आहे. दुर्बिणीतून गुडघ्याची शस्त्रक्रिया रूढ झाल्यापासून, पूर्वी कारकीर्द संपवणारी लिगामेंटची दुखापत बरी होऊ लागली. मात्र 'बरा झाला' आणि 'खेळायला तयार झाला' यांत फरक आहे. गुडघ्याच्या मुख्य लिगामेंटच्या शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांच्या आत परतणाऱ्यांना पुन्हा दुखापत होण्याचा धोका अधिक असतो, असं अभ्यासांतून दिसलं आहे. २००१ सालापासून युरोपातल्या मोठ्या क्लबांच्या दुखापतींची पद्धतशीर नोंद ठेवली जाते. त्या नोंदींतूनही एक गोष्ट पुढे आली : त्याच जागी पुन्हा झालेली दुखापत बहुधा पहिलीपेक्षा जास्त दिवस खाते. म्हणजे दोन आठवडे वाचवण्यासाठी घाई केली, तर दोन महिने जातात. प्रशिक्षकाला हे पटतं, पण शनिवारचा सामना समोर असतो.

चौथा मार्ग बदलीचा. त्याचं उदाहरण आपल्या पुण्यात घडलं. २०१६च्या मोसमासाठी एफ. सी. पुणे सिटीने आइसलँडच्या आयडर गुडयॉनसन या आघाडीवीराला मुख्य आकर्षण म्हणून करारबद्ध केलं. चेल्सी आणि बार्सिलोनाकडून खेळलेला, त्याच वर्षी युरो स्पर्धेत उतरलेला हा खेळाडू अडतिशीच्या उंबरठ्यावर होता. मोसम सुरू होण्याआधीच तो जखमी झाला. लीगच जेमतेम अडीच-तीन महिन्यांची. एवढ्या छोट्या मोसमात दोन महिने वाट पाहणं म्हणजे मोसमच सोडून देणं. क्लबने त्याच्या जागी मालीचा मोहम्मद सिसोको आणला. गंमत अशी, की सिसोको मधल्या फळीचा खेळाडू. गोल करणारा गेला आणि चेंडू हिसकावणारा आला. ऐन वेळी बाजारात जे मिळतं ते घ्यावं लागतं. लग्नघरी आचारी आयत्या वेळी आजारी पडला तर जो मिळेल त्याच्या हातचं जेवण वाढावं लागतं, तसंच हे. आदल्या एका मोसमात, २०१४ साली, मुंबई सिटी एफ. सी.ने आर्सेनलचा पूर्वीचा खेळाडू फ्रेडी ल्युंगबर्ग आणला होता. दुखापतींमुळे त्याचंही दर्शन मोजक्याच सामन्यांत झालं. नाव मोठं, वय जास्त आणि मोसम छोटा असला की क्लबच्या हाती उपाय कमी उरतात. त्यामुळे खरी परीक्षा दुखापतीनंतर नसते, करारावर सही करण्यापूर्वीच्या वैद्यकीय तपासणीत असते.

पाचवा मार्ग करार मोडण्याचा. तो वाटतो तितका सोपा नाही. जागतिक संघटना 'फिफा'ने २००१ साली खेळाडूंच्या करारांचे नवे नियम आणले. त्यांनुसार वाजवी कारणाशिवाय करार एकतर्फी मोडता येत नाही, आणि दुखापत हे तसं वाजवी कारण मानलं जात नाही. खेळताना मोडलेला पाय हा कराराचाच भाग आहे, खेळाडूची चूक नव्हे, हा त्यामागचा विचार. म्हणून क्लब समजुतीची भाषा बोलतात : उरलेल्या रकमेतली काही घे आणि मोकळा हो. देशाकडून खेळताना जखमी झालेल्या खेळाडूंसाठी २०१२ पासून 'फिफा'ने क्लबांकरिता विम्यासारखी योजनाही आणली. दुखापत अठ्ठावीस दिवसांहून जास्त लांबली तर खेळाडूच्या पगाराचा भार, ठरावीक मर्यादेपर्यंत, त्यातून उचलला जातो. कारखान्यातल्या कामगाराला जे १९२३मध्ये मिळालं, त्याच्या जवळपास फुटबॉल पोहोचला तो असा.

आता सहावा मार्ग. मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि त्याचं उत्तम उदाहरण मुंबईतलंच आहे. खालिद जमील हे आघाडीवीर नव्हते, मधल्या फळीत खेळत. पण वारंवार दुखापती आणि क्लबपुढचा पेच, या दोन्ही बाबतींत त्यांची कहाणी आपल्या विषयाला तंतोतंत लागू पडते. जन्म कुवेतमधला, १९७७ सालचा. कारकीर्द मुंबईत घडली : महिंद्र, मग एअर इंडिया, मग पुन्हा महिंद्र. भारताकडूनही ते खेळले. पण दुखापतींनी पाठ सोडली नाही. २००७ साली नव्याने स्थापन झालेल्या मुंबई एफ. सी.मध्ये ते आले आणि पुढची दोन वर्षं दुखापतीतच गेली. मैदानावर त्यांना पाहण्याचा योग प्रेक्षकांना जवळजवळ आलाच नाही.

क्लबने काय करायला हवं होतं? पैसे देऊन मोकळं करणं हा सरळ मार्ग होता, आणि कोणी नावंही ठेवली नसती. मुंबई एफ. सी.ने २००९ साली वेगळा निर्णय घेतला. बत्तीस वर्षांच्या या खेळाडूला मुख्य प्रशिक्षक केलं. क्लब मोठ्या पैशाचा नव्हता, नावाजलेले खेळाडू घेण्याची ऐपत नव्हती. तरी पुढचे सात मोसम जमील यांनी हा संघ देशाच्या अव्वल लीगमध्ये टिकवून धरला. कमी साधनांत संघ कसा बांधायचा, बचाव कसा घट्ट ठेवायचा, हे ते तिथेच शिकले.

इंग्लंडमध्ये असाच एक जुना दाखला आहे. ब्रायन क्लफ हा मिडल्सब्रो आणि संडरलँडचा आघाडीवीर. लीगच्या २७४ सामन्यांत २५१ गोल! २६ डिसेंबर १९६२ रोजी बरीच्या गोलरक्षकाशी टक्कर झाली आणि गुडघ्याची लिगामेंट तुटली. जवळपास दोन वर्षांनी तो परतला, तीन सामने खेळला आणि थांबला. वय एकोणतीस. संडरलँडने त्याला तरुण संघाचं काम दिलं. तिथून निघून तो हार्टलपूलला व्यवस्थापक झाला आणि पुढे नॉटिंगहॅम फॉरेस्टसारख्या मध्यम क्लबला १९७९ आणि १९८० अशी लागोपाठ दोन वर्षं युरोपचा चषक जिंकून दिला. त्याच्या पायाने जे गमावलं, ते त्याच्या डोक्याने भरून काढलं. पण संडरलँडच्या नशिबी त्यातलं काही आलं नाही.

मुंबईतही पुढे तसंच झालं. २०१६ साली क्लब आणि जमील यांची वाट वेगळी झाली. ते मिझोरामच्या ऐझॉल एफ. सी.कडे गेले. हा क्लब आदल्या मोसमात लीगमधून खाली गेला होता, गोव्याच्या संघांनी माघार घेतल्यामुळे परत आला होता. बरोबर मुंबई एफ. सी.कडून पूर्वी खेळलेले जयेश राणे, आशुतोष मेहता यांच्यासारखे खेळाडू होते. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगमध्ये बरोबरी साधून ऐझॉलने आय-लीग जिंकली. त्याच मोसमात मुंबई एफ. सी. तळाला राहिली, अव्वल लीगमधून बाहेर पडली आणि पुढे क्लबच बंद झाला. जमील यांची ऑगस्ट २०२५मध्ये भारताच्या राष्ट्रीय संघाच्या मुख्य प्रशिक्षकपदी नेमणूक झाली. दोन वर्षं जखमी म्हणून बाजूला बसलेल्या त्या खेळाडूकडे २००९ साली क्लबने नुसता एक थकलेला गुडघा म्हणून पाहिलं असतं, तर भारतीय फुटबॉलला हा प्रशिक्षक कदाचित मिळालाच नसता.

अर्थात प्रत्येक जखमी खेळाडू प्रशिक्षक होत नाही, आणि प्रत्येक क्लबाला तेवढ्या जागाही नसतात. एखाद्याला शिकवण्याची आवड नसते, एखाद्याचं अजून वय असतं आणि त्याने खेळायलाच परतलं पाहिजे. म्हणून निर्णय घेताना क्लबाने तीन गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्यात. दुखापत एकाच जागी पुन्हा पुन्हा होते आहे, की दर वेळी निराळी? एकाच जागी असेल तर मूळ दुखणं बरं झालेलंच नाही, तिथे घाई हाच शत्रू. दुसरं, खेळाडूचं वय आणि कराराची उरलेली मुदत. बावीस वर्षांच्या मुलासाठी एक वर्ष थांबणं परवडतं, चौतिशीतल्या माणसाबाबत तोच हिशेब बदलतो. तिसरं, त्याच्या जागी खेळणारा कोणी घरात आहे का? असेल तर त्याला संधी द्यावी, म्हणजे जखमी गड्यावर लवकर परतण्याचं दडपणही येत नाही.

शेवटी कॅम्प नंबर तीनकडे परत येऊ. छोट्या संघाकडे ना फिजिओ, ना करार, ना राखीव आघाडीवीरांची फळी. पण काही गोष्टी त्यालाही करता येतात. दहीहंडीच्या गोविंदांचा विमा उतरवण्याची पद्धत आता आपल्याकडे रुजली आहे. मोसमाच्या सुरुवातीला संघातल्या मुलांचाही अपघात विमा गटाने उतरवता येतो. वर्गणीतून जर्सी घेतली जाते, तशी ही रक्कमही काढता येईल. गुडघा पहिल्यांदा सुजला की हाडवैद्याकडून दाबून न घेता अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावं, आणि डॉक्टरांनी 'खेळ' म्हणेपर्यंत अंतिम सामना असला तरी त्याला उतरवू नये. या काळात त्याला संघापासून तोडू नये. सरावाला बोलवावं, लहान मुलांना शिकवू द्यावं, पंचांच्या किंवा प्रशिक्षकांच्या प्राथमिक अभ्यासक्रमाला पाठवावं. भारतीय फुटबॉल महासंघाचे असे अभ्यासक्रम आहेत आणि त्यांना सुदृढ गुडघ्यापेक्षा खेळाची समज जास्त लागते.

जुन्या कंपनीच्या संघात खेळाडूमागे एक टेबल असे. ती व्यवस्था परत येणार नाही. पण दुखावलेल्या मुलाला सरावाच्या दिवशी कोणी निरोप धाडला, लोकलच्या पासाचे पैसे आणि एक शिट्टी हातात दिली, तर तो पुढच्या मोसमात मैदानावर असेल. खेळाडू म्हणून नसला तरी संघाचा म्हणून असेल.